कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही

मोरीत पाय घसरतो, तोल सावरायला हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. प्लास्टर निघतं, कॅल्शियम लिहून मिळतं आणि विषय संपतो. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत तो तिथे संपता कामा नये. एवढ्याशा पडण्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही.

हाड सतत झिजवलं आणि बांधलं जात असतं. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालतं. पाळी थांबली की तो सुटतो आणि बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा नुसता कच्चा माल. तो हवाच, पण हाड ठिसूळ झाल्यावर तेवढ्याने भागत नाही.

म्हणून डॉक्टरांना आधी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीबद्दल विचारा. तिच्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा बरा असूनही औषध लागू शकतं. मणका दबला तरी पुष्कळदा दुखत नाही. उंची कमी झाली असेल तर तेही सांगा.

सर्वाधिक वापरातलं औषध अ‍ॅलेन्ड्रोनेट. आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास चहा नाही आणि आडवं होणंही नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते. हे जमणार नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनेट देतात; त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. जबड्याच्या हाडाला इजा होते, ही भीती अनेकींना असते. असं होतं, पण क्वचित. दात काढायचा असेल तर औषधाआधी उरकावा.

आणखी एक औषध म्हणजे डेनोसुमॅब; त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. बरं वाटतंय म्हणून किंवा खर्चामुळे ते मध्येच सोडलं, तर कमावलेली घनता झपाट्याने जाते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर पुढे दुसरं औषध ठरलेलं असावं. अ‍ॅलेन्ड्रोनेटचं तसं नाही. धोका कमी असेल तर साधारण पाच वर्षांनी डॉक्टर विश्रांती देऊ शकतात.

तेव्हा पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: हेच औषध का, किती वर्षं, आणि थांबवल्यावर पुढे काय? उत्तर कागदावर लिहून घ्या.