आयर्विनला किती फूट? आणि फोन न ठेवणारा सर्व्हर

पावसाळ्यात सांगलीकरांच्या दिवसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आयर्विनला किती फूट?' १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. पण सांगलीचं पाणी सांगलीत ठरत नाही, ते वर सातारा जिल्ह्यात ठरतं. महाबळेश्वर आणि नवजाचा पाऊस, १०५ टीएमसीचं कोयना धरण, मग कराडला कोयना-कृष्णेचा संगम. म्हणून घाटातल्या पर्जन्यमापकाचा आकडा खाली वेळेत पोचायला हवा. जलसंपदा विभागाने कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी असे आकडे आपोआप गोळा करणारी यंत्रणा उभारलेली आहे. माझं संशोधन त्या यंत्रणेवर नाही. मी लॅबमध्ये तशीच एक छोटी व्यवस्था चालवते आणि ती कुठे मोडते ते बघते. आज त्यातलं एकच मोडणं समजून घेऊ.

समजा घाटात ४० केंद्रं आहेत. प्रत्येकात मोबाइलचं सिम आहे आणि प्रत्येक केंद्र दर पाच मिनिटांनी सर्व्हरला आकडा पाठवतं. नीट चाललेलं कनेक्शन बंद होताना आपल्या फोनसारखंच होतं: 'बरं, ठेवते मग', 'हो, ठेव'. टीसीपीमध्ये या निरोपाला फिन म्हणतात. आता धुवांधार पावसात टॉवरची बॅटरी संपली. निरोप देणार कोण? केंद्र गेलं, पण सर्व्हर रिसीव्हर कानाला लावून बसलेला. १९८१ च्या टीसीपीच्या मूळ मानकातच या अवस्थेला नाव आहे: हाफ-ओपन, म्हणजे अर्धवट उघडं कनेक्शन.

तुम्ही म्हणाल, सर्व्हरला कळत कसं नाही? तो काही पाठवायला गेला तर कळतं. पोच येत नाही, लिनक्स पुन्हापुन्हा पाठवून बघतं आणि साधारण पंधरा मिनिटांनी नाद सोडतं. पण आपला सर्व्हर फक्त ऐकतो. आणि टीसीपीच्या दृष्टीने गप्प बसलेलं कनेक्शन आणि मेलेलं कनेक्शन यांत काहीच फरक नाही.

इकडे टॉवर परत आला की केंद्राचा मोडेम नव्याने जोडणी करतो. सर्व्हरच्या लेखी आता नवजाची दोन कनेक्शनं: एक जिवंत, एक भूत. भुतालाही सॉकेट लागतो, मेमरी लागते, बऱ्याचदा एक थ्रेड लागतो. यालाच रिसोर्स लीक म्हणायचं.

'कीपअलाइव्ह असतं की!' असतं, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. नुसतं चालू केलं तर लिनक्स ७२०० सेकंद शांततेची वाट बघतं, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा हाक मारतं. एकूण २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. आता वाईटात वाईट रात्र धरा: सगळी केंद्रं दर पाच मिनिटांनी तुटतात आणि पुन्हा जोडली जातात. २५ वेळा तुटल्यावर १००० भुतं आणि ४० जिवंत. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइल्स आणि सॉकेटची मर्यादा सहसा १०२४ असते. म्हणजे १२५ मिनिटांत सर्व्हर भरला, आणि पहिलं भूत निघायला अजून सहा मिनिटं आहेत! त्यातून प्रत्येक कनेक्शनमागे पोस्टग्रेसचं एक कनेक्शन अडकवून ठेवलं असेल तर तिथली मूळ मर्यादा १०० ची. मग दुसऱ्याच तुटीला खेळ खलास.

हा दोष चाचणीत का सापडत नाही, ते मला जास्त रंजक वाटतं. चाचणी करताना आपण क्लायंटचा प्रोग्राम मारतो. पण प्रोग्राम मेला तरी खालची ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते, ती त्याच्या वतीने निरोप देते आणि सर्व्हर व्यवस्थित आवरतो. सगळं हिरवं! खरी चाचणी करायची तर क्लायंटला हात न लावता मधली पॅकेट फायरवॉलने गुपचूप टाकून द्यायची. घाटात तेच होतं.

उपाय म्हणून लोक आधी मर्यादा वाढवतात, १०२४ ची ६५,५३६. त्याने मरण पुढे ढकललं जातं, एवढंच. कीपअलाइव्ह घट्ट करता येतं: ६० सेकंदांनी हाक, १५ सेकंदांच्या अंतराने चारदा, दोन मिनिटांत निकाल. मला इथे ते पटत नाही. प्रत्येक हाकेला घाटातला मोडेम जागा होतो, आणि जुलैच्या ढगांखाली त्याचं सोलर पॅनेल आधीच उपाशी असतं. शिवाय हाकेला उत्तर देते ती ऑपरेटिंग सिस्टिम. वरचा प्रोग्राम अडकून पडला असला तरी उत्तर येतच राहतं.

त्यापेक्षा दर पाच मिनिटांचा आकडा हीच नाडी समजावी. सलग तीन आकडे चुकले की सर्व्हरने स्वतः फोन ठेवायचा. केंद्राला याचा काडीचा खर्च नाही. एकाच आकड्यावर तोडू नका. पावसात नेटवर्क मंद असतं, जिवंत केंद्रं तुटतील आणि पुन्हा जोडण्याच्या गर्दीने सर्व्हर दमेल. दुसरा नियम: केंद्राने जोडताना आपला क्रमांक सांगायचा, आणि त्याच क्रमांकाचं जुनं कनेक्शन असेल तर सर्व्हरने ते तिथल्या तिथे बंद करायचं. एमक्यूटीटी प्रोटोकॉल नेमकं हेच करतो. मग रात्र कितीही वाईट असो, ४० केंद्रांची ४० च कनेक्शनं. बंद करताना त्यामागचा थ्रेड आणि डेटाबेसचं कनेक्शनही सुटतंय ना, ते मात्र तपासा. नुसता सॉकेट बंद करून बाकीचं विसरणारा कोड मी पुष्कळ पाहिला आहे.

आणि स्क्रीनवर 'कनेक्टेड' असा हिरवा ठिपका दाखवत असाल तर तो काढून टाका. भुतालाही तो हिरवाच दिसतो. नवजाचा आकडा चाळीस मिनिटांपूर्वीचा असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वर पाऊस थांबलाय. ठिपक्याच्या जागी शेवटचा आकडा किती वाजता आला, ते लिहा.