ट्रॉलीपासून तोंडापर्यंत

३१ जानेवारी २०२१. पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सुदैवानं सगळी बरी होऊन घरी गेली. बातमी देशभर पोचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत एकच प्रश्न फिरत राहिला: बाटलीवरचं नाव वाचता येत नव्हतं का?

प्रश्न सोपा आहे, पण चुकीचा आहे. घाईत चहात साखरेऐवजी मीठ टाकलेलं माणूस प्रत्येक घरात सापडेल, आणि त्याला उत्तम वाचता येतं. हात सवयीच्या जागी जातो आणि डोळ्याला तेच दिसतं, जे दिसणार असं मनानं आधीच ठरवलेलं असतं. ते वर्ष करोनाचं होतं. तोवर लसीच्या टेबलावर जिला जागा नव्हती, ती सॅनिटायझरची बाटली त्या वर्षी बूथवर येऊन बसली होती. ‘नीट बघत जा’ असं बजावून ही चूक टळत नाही. त्या टेबलावर कुठल्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत, हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं.

असं आपल्याकडेच होतं असंही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब प्रांतात गोवराच्या लसीची पूड कालवताना तिच्या द्रावणाऐवजी अ‍ॅट्राक्युरियम वापरलं गेलं. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी हे औषध देतात. त्यात श्वासाचे स्नायूही आले. पंधरा मुलं दगावली.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ‘पाच बरोबर’ घोकून घेतात. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पुढे त्यात बरोबर नोंद वगैरे भर पडत गेली. यादी खरी आहे, पण ती शेवटी काय असायला हवं ते सांगते, तिथवर पोचायचं कसं ते सांगत नाही. त्यासाठी औषध अंगात गेल्यावर काय करतं, याची थोडी ओळख लागते.

तोंडानं घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात उतरते आणि ते रक्त सगळ्या शरीराला मिळण्याआधी यकृतातून जातं. यकृत म्हणजे जकात नाका. मालातला आपला वाटा काढून घेतल्याशिवाय ते गाडी पुढे सोडत नाही. (मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर संपली, यकृताची अजून चालू आहे.) म्हणून शिरेतून दिलेल्या १० मिलिग्रॅम मॉर्फिनचं काम तोंडावाटे करायचं तर साधारण ३० मिलिग्रॅम लागतं. छातीत दुखू लागल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते याचसाठी. जिभेखालच्या शिरा नाका टाळून बाहेरच्या रस्त्यानं जातात. घाबरून ती गोळी पाण्याबरोबर गिळली, तर पोचते उशिरा आणि पोचते थोडी. ‘बरोबर मार्ग’ हे सहा अक्षरी कलम ज्याला या नाक्यासकट कळलं, तो ते सहसा विसरत नाही.

हीच गोष्ट गोळी कुटण्याची. राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातलेल्या रुग्णाला गोळी कुटून, पाण्यात कालवून देणं हे वॉर्डातलं रोजचं काम. पण नावापुढे एसआर, एक्सआर किंवा रिटार्ड लिहिलेली गोळी बारा-चोवीस तास हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकाच घटकेत. रक्तदाबाची असेल, तर रक्तदाब धाडकन खाली. पँटोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. ते फोडलं की औषध पोटातच बाद. खलबत्ता हातात घेण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एक फोन करावा. पर्यायी औषध बहुतेक वेळा असतं.

वेळेचंही तसंच आहे. लघवी वाढवणारं लॅसिक्स संध्याकाळी उशिरा दिलं, तर म्हातारा माणूस रात्री चारदा उठतो, अंधारात चप्पल शोधतो आणि पडतो. केसपेपरवर लिहिलं जातं, ‘पडून मांडीचं हाड मोडलं’. औषधाच्या वेळेचं नाव त्यात कुठेच येत नाही. गरोदर बाईला उपकेंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम घेतल्या, तर कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही, आणि चहाही तेच करतो. आपल्याकडे वैद्यांनी ‘अनुपान’ असा सुंदर शब्द ठेवला आहे: औषध कशाबरोबर घ्यायचं. आशाताईनं पाकीट हातात देताना दोन वाक्यं जास्त बोलली, ‘ही जेवल्यावर, ती संध्याकाळी, आणि चहा नंतर’, तर त्या दोन वाक्यांना मी औषधाचाच भाग मानतो.

आता मात्रा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि त्याला आकडेमोड येत नसणं हे कारण क्वचितच असतं. आपल्या देशात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. साध्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपीची यू-४० ची, केशरी टोपीची यू-१०० ची. समजा, घरातलं पेन बिघडलं. मुलानं कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजनं आईसाठी ‘२०’ च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं. ती खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये या वेळी ५० युनिट आहेत. मुलगा इंजिनिअर असू शकतो, त्यानं काहीही चुकीचं वाचलेलं नाही. २० लिहिलं होतं, २० च ओढलं. पहाटे आई घामानं भिजलेली आणि हाक मारली तर ओ देत नाही. म्हणून वॉर्डात काय आणि घरात काय, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांसमोर धरून जुळवायचा, आणि जमेल तिथे दुसऱ्या माणसाला दाखवायचा. कार्ट्रिजमध्ये सिरिंज घालायचीच नाही.

पॅरासिटॅमॉलचं पातळ औषध तर प्रत्येक घरात असतं. तान्ह्या मुलांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, काही बाटल्यांत २५०. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ड्रॉप्स दीड मिलिलिटर, साधं सिरप सहा, जास्त ताकदीचं तीन. शेजारणीनं ‘सहा एमएल द्या, आमच्या पिंट्याला तेवढंच दिलं होतं’ असं सांगितलं आणि हाताशी ड्रॉप्सची बाटली असली, तर डोस चौपट झाला. थोडक्यात, ‘किती एमएल?’ या नुसत्या प्रश्नाला काही अर्थ नाही. कशाचे एमएल, हे आधी विचारायचं.

लिहिणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ‘10U’ लिहिताना यू जरा गोल झाला, तर १०० वाचलं जातं, म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, नंतरचं उगाच शून्य नको. आपल्याकडे आणखी एक फट आहे, तिच्याबद्दल मी फारसं कुठे वाचलेलं नाही. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, चार हा आठसारखा आणि पाच काहीसा इंग्रजी चारसारखा. मराठी शाळेतून आलेली मुलगी आणि इंग्रजी माध्यमातला डॉक्टर एकाच ट्रीटमेंट शीटवर लिहीत असतील, तर आकडे कुठल्या लिपीत लिहायचे हे वॉर्डानं एकदा ठरवून टाकावं. खर्च शून्य.

नावांचा गोंधळ तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सेरेब्रल मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांवरून दोन कंपन्या भांडत होत्या. गंमत म्हणजे दोघींच्याही नावात ‘कॅडिला’. एकात आर्टिसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की औषधांच्या नावांतल्या साम्याकडे इतर मालापेक्षा कडक नजरेनं पाहायला हवं, कारण इथे गोंधळ जिवावर बेततो. डॉक्टरांनी जेनेरिक नावं, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, हा मेडिकल काउन्सिलचा नियम २०१६ चा. केमिस्टच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहिलं, की त्याची अंमलबजावणी किती झाली ते कळतं.

काही औषधं अशी असतात की त्यांना दुसरी संधी नसते. केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हे त्यातलं पहिलं. दहा मिलिलिटरच्या त्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून संथ धारेनं दिलं, तर ते रुग्णाला सावरतं. सिरिंजनं सरळ शिरेत गेलं, तर हृदय थांबतं. टांगलेल्या बाटलीत ते टोचून बाटली तशीच चालू केली, तरी धोका आहे. केसीएल जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या धारेतच बरंचसं अंगात जातं. बाटली काढून उलटसुलट हलवायची, मगच लावायची. अनेक रुग्णालयांनी याहून शहाणपणाचा मार्ग काढला: केसीएल साध्या वॉर्डाच्या कपाटात ठेवायचंच नाही. नॉटिंगहॅममध्ये २००१ साली १८ वर्षांच्या एका तरुणाला शिरेतून द्यायचं व्हिंक्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मणक्यात दिलं गेलं आणि तो गेला. त्याच्या आधीही जगात अनेक ठिकाणी हेच घडलं होतं, आणि दर वेळी ‘काळजी घ्या’ असं परिपत्रक निघालं होतं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, लहान पिशवीत पातळ करून द्या. पिशवीभर औषध मणक्यात द्यायला कुणाचा हातच जाणार नाही.

औषध दिलं की काम संपलं, असंही नाही. बाळंतिणीला झटके आले, तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या नर्सनं, म्हणजे एएनएमनं, मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं असतं. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोलवर. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे समोर बाई झटके देत असताना दहा अँप्यूल फोडायच्या. हे औषध झटके थांबवतं, पण जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीनं ठोकल्यावर पाय उडतो तो, नाहीसा होतो आणि मग श्वास मंदावतो. म्हणून पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पाय उडतो का, मिनिटाला श्वास किमान १६ आहेत का, तासाला लघवी किमान ३० मिलिलिटर होते का. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. हाताशी म्हणजे ट्रेमध्ये. कपाटात, आणि किल्ली इनचार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, असं नव्हे.

हे सगळं पदवीवाल्यांनाच जमतं, अशी समजूत असेल, तर गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरी जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं त्यात होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. मोजकी औषधं, ठरलेली लक्षणं, आणि वरून नियमित तपासणी. मोठ्या शहरातल्या चकचकीत आयसीयूत ही तिसरी गोष्ट किती वेळा असते?

आणि तरीही चूक होतेच. मग काय करायचं? अमेरिकेत नॅशव्हिलला डिसेंबर २०१७ मध्ये राडोंडा वॉट या नर्सनं झोपेचं औषध काढायला औषधांच्या यंत्रावर ‘व्हीई’ ही दोन अक्षरं टाइप केली, आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं. रुग्ण दगावली. वॉटनं चूक लगेच कबूल केली. २०२२ मध्ये न्यायालयानं तिला गुन्हेगार ठरवलं, तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. तिनं एकामागून एक इशारे ओलांडले होते, हे खरंच. पण त्या निकालानंतर जगभरच्या नर्सेसनी घेतलेला धडा वेगळाच होता: बोललीस तर तुरुंग. आपल्याकडेही चुकीचा डोस गेला की पहिली धावपळ असते ती केसपेपर ‘नीट’ करण्याची. निलंबनानं एक बाई घरी जाते. टेबलावरच्या दोन बाटल्या तिथेच राहतात, पुढच्या बाईची वाट बघत. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर नर्सही करू शकते. ‘माझ्याकडून हे झालं’ असं न घाबरता सांगता येईल, अशी वही मात्र फार थोड्या वॉर्डांत आहे.

संध्याकाळी सहाची ट्रॉली निघते. वॉर्डात तीन पाटील आहेत. ‘पाटीलकाका ना?’ असं विचारलं, तर गुंगीतला, नीट ऐकू न येणारा किंवा नुसता भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतो. सिस्टरनं औषध आणलं, तर नाही कसं म्हणायचं? म्हणून जाणती सिस्टर नाव सांगत नाही, नाव विचारते. ‘काका, पूर्ण नाव सांगा.’ काका वैतागतात. ‘अहो, पाच दिवस झाले, रोज काय तेच विचारता?’ ती हसते, मनगटावरची पट्टी उलटवून वाचते, आणि मगच स्ट्रिपमधून गोळी काढते. सही अजून केलेली नाही. काकांनी पाण्याचा घोट घेतल्यावर करेल.