केमोथेरपी आणि डीएनएची दुरुस्ती: काही गैरसमज

केमोथेरपीचे प्रत्येक औषध डीएनएवर घाव घालते, असे सर्रास समजले जाते. पॅक्लिटॅक्सेल किंवा विनक्रिस्टीन त्याच्या वाटेलाही जात नाहीत. पेशी विभागताना गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिकांचे काम ती बिघडवतात. सिस्प्लॅटिन मात्र थेट डीएनएला चिकटते. त्यातला प्लॅटिनमचा अणू बहुधा एकाच धाग्यावरच्या शेजारच्या दोन ग्वानिनांना (डीएनएच्या घटकांना) जखडतो. धागा तिथे वाकतो आणि डीएनएची प्रत काढणे अडते.

हे नुकसान कायमचे राहते, हेही खरे नाही. वाकलेली जागा हेरून पेशी तिच्या दोन्ही बाजूंना छेद देते, सुमारे ३० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा काढून टाकते आणि समोरच्या शाबूत धाग्यावरून तो पुन्हा भरते. ही पद्धत उलगडणारे अझीझ सँकार २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. वृषणाच्या कर्करोगात पेशींची ही यंत्रणा दुबळी असते. पसरलेला रोगही सिस्प्लॅटिनने बऱ्याचदा बरा होतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.

‘कर्करोगाची जनुके’ ही बीआरसीए जनुकांची बदनामी तर अगदीच अन्याय्य आहे. ती प्रत्येकाच्या शरीरात असतात आणि डीएनएचे दोन्ही धागे तुटले की अचूक सांधण्याचे काम करतात. ती बिघडली की कर्करोगाचा धोका वाढतो. पण अशा गाठीच्या पेशींना प्लॅटिनमचा घाव भरून काढणेही जड जाते. उपचार चालू असताना दुसऱ्या उत्परिवर्तनाने जनुक पुन्हा कामाला लागले, तर औषध निष्प्रभ ठरू शकते.

‘दुरुस्ती झाली की पेशी वाचली’ हे समीकरण टेमोझोलोमाइडपुढे कोलमडते. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमावर दिले जाणारे हे औषध ग्वानिनला मिथाइल गट जोडते. एमजीएमटी हे प्रथिन तो गट स्वतःवर ओढून घेते आणि त्यातच कायमचे निकामी होते. एका रेणूमागे एकच दुरुस्ती. हे प्रथिन नसेल तर प्रत काढताना त्या ग्वानिनसमोर चुकून थायमिन बसते. चुकीच्या जोड्या सुधारणारी यंत्रणा थायमिन काढते, पण सदोष ग्वानिन समोरच्या धाग्यावर तसेच राहते, म्हणून पुन्हा थायमिनच बसते. या निष्फळ खटाटोपात धागे तुटतात आणि पेशी मरते. म्हणजे इथे मारेकरी दुरुस्तीच! ही यंत्रणा मुळातच बंद पडलेल्या पेशी औषध पचवून तगतात. ग्लिओब्लास्टोमाच्या गाठीत एमजीएमटीचे जनुक मिथाइलीकरणाने बंद आहे का, हे म्हणूनच तपासतात. ते बंद असलेल्या रुग्णांना टेमोझोलोमाइडचा लाभ जास्त होतो.