नकाशात उरलेले टिहरी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या इंची नकाशांवर टिहरी शोधायला दोन निळ्या रेषा पुरतात. उत्तरेकडून भागीरथी, पूर्वेकडून भिलंगना, आणि संगमाच्या अलीकडे दोन्ही नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वस्तीचा तांबडा पुंजका. गोरखा युद्धानंतर अलकनंदेपलीकडचा मुलूख आणि गढवालची जुनी राजधानी श्रीनगर इंग्रजांकडे गेली, म्हणून राजा सुदर्शन शाह यांनी 1815 मध्ये इथे नवी राजधानी वसवली. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त घंटाघर उभे राहिले.

हे नकाशे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे. त्यांवरच्या तपकिरी समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. रेषा विरळ असतील तिथे सपाटी, दाटल्या की कडा. संगमाच्या आसपास त्या जराशा मोकळ्या होतात, तिथे शहर मावले. संगमाच्या खाली मात्र दोन्ही तीरांवरच्या रेषा नदीला भिडतात. इतक्या अरुंद घळीत बांध घातला, तर थोड्या लांबीच्या भिंतीमागे दोन खोऱ्यांचे पाणी अडते. धरणाच्या अभियंत्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

आणि तसेच झाले. पर्यावरणवादी सुंदरलाल बहुगुणा भागीरथीच्या काठी झोपडीत राहून वर्षानुवर्षे विरोध करत राहिले, तरी 260.5 मीटर उंचीचे धरण उभे राहिले. ऑक्टोबर 2005 मध्ये नदीचे पाणी वळवणारा शेवटचा बोगदा बंद झाला आणि शहर पाण्याखाली जाऊ लागले. लोक दीड हजार मीटरहून उंचावरच्या नव्या टिहरीत गेले.

जलाशयाची पूर्ण पातळी 830 मीटर, म्हणजे सुमारे 2,720 फूट. जुन्या नकाशावर 2,700 आणि 2,800 फुटांच्या रेषांमधून बोट फिरवले, की आजचा काठ हुबेहूब उमटतो. त्या रेषेच्या आतले सारे, राजवाडा, बाजार, नदीकाठची शेते, बुडाले. बुडालेल्या शहराचा एवढा नेमका पुरावा क्वचितच असतो.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे भारताविषयीचे जुने नकाशे इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. प्रमाण लहान, 1 सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, पण नद्या आणि मोठी गावे ओळखता येतात. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांचे गाव गेले, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन ते जरूर उघडावेत.