पोथीच्या संगणकीय नकलेंतील टीप : तिचे नियम व मर्यादा

हस्तलिखितांची नक्कल एक्स्-एम्-एल् या खूणबद्ध पद्धतीनें करण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. तींत नकलकारास स्वतःपुरती टीप लिहिण्याची सोय असते. तिच्या नियमांविषयीं संग्राहकांत घोटाळा आढळतो, म्हणून हें टिपण.

टिपेचा आरंभ डावा कोनकंस, उद्गारचिन्ह व दोन आडव्या रेघा यांनीं होतो. शेवट दोन रेघा व उजवा कोनकंस यांनीं. आंतील मजकुरावर मुख्य बंधन असें कीं, दोन रेघा लागोपाठ येतां कामा नयेत, आणि शेवटच्या खुणेस आणखी एक रेघ चिकटलेलीही चालत नाहीं. १९८६ च्या एस्-जी-एम्-एल् या पूर्वपद्धतींत रेघांची जोडी हीच टिपेची सीमा होती; १९९८ मध्यें ठरलेल्या एक्स्-एम्-एल्‌नें तिच्याशीं मेळ राखला. पोथीवाल्यांस हें नडतें, कारण त्रुटित अक्षरांच्या जागीं रेघा ओढण्याची आपली जुनी संवय. टिपेंत अशी जोडी पडली कीं सबंध नक्कल सदोष ठरते. तेथें 'दोन अक्षरें त्रुटित' असें शब्दांनींच लिहावें. टिपेंत टीप घालतां येत नाहीं, खुणेच्या कंसाच्या पोटांतही नाहीं, आणि आरंभींच्या घोषणेपूर्वीं तर नाहींच.

याहून महत्त्वाची गोष्ट टिपेच्या गतीची. वाचकयंत्रावर ती पुढें पोंचविण्याचें बंधन नाहीं. पाणिनीचे इत्संज्ञक वर्ण लोप पावतात, परंतु कार्य करून जातात. ही टीप कार्यही करीत नाहीं. म्हणून मूळ पोथींतील अक्षरहि तींत घालूं नये. आमच्या किनवट-माहूर भागांत महानुभाव पंथाचा वावर जुना. लीळाचरित्राच्या पोथ्यांत 'वासना', 'शोधु' अशा संज्ञांनीं पाठभेद संहितेंतच नोंदलेले असतात. ते कोणीं टीप समजून कोंडले, तर छापील प्रतींत त्यांचा मागमूस राहणार नाहीं. हरताळ फांसलेलें अक्षर, काकपद देऊन समासांत घातलेला शब्द, पाठभेद, समासांतील टिपण या प्रत्येकास टी-ई-आय्‌च्या नियमावलींत स्वतंत्र खूण आहे, तीच वापरावी.

उलट दोषहि तितकाच वाईट. नकलकाराचे शब्द संहितेंत शिरले म्हणजे काय होतें, हें ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांस सांगणें नको. पैठणच्या एकनाथांस शके १५०६ मध्यें तिची प्रत शुद्ध करावी लागली. 'हें पान पुन्हां भिंगाखालीं पाहणें' एवढ्या योग्यतेचा मजकूर टिपेंत ठेवावा. पुढील वाचकास कळावें असें मत असेल, तर तें लिहिणाराच्या नांवासह टिपणाच्या खुणेंतच नोंदवावें.