काळा लेप उष्णतेपुढे कसा टिकतो?

सांगवीत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे किंवा शेजारचे कोणीतरी भोसरीच्या अथवा चाकणच्या कारखान्यात कामाला असेल. ॲल्युमिनियम कापण्याच्या काही कटरांवर काळसर, चकचकीत लेप का असतो, हे त्यांना विचारा. ॲल्युमिनियम कटरच्या धारेला चिकटते. या लेपाला ते सहसा चिकटत नाही. हा लेप म्हणजे हिरासदृश कार्बन. त्याची जाडी असते अवघी एक-दोन मायक्रोमीटर. १९७१ साली ऐझेनबर्ग व शाबो या शास्त्रज्ञांनी कार्बनच्या आयनांचा झोत वापरून असा लेप तयार केला.

हा लेप कठीण खरा, पण उष्णतेपुढे दुबळा. असे का?

हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये तो तिघांशीच बांधलेला असतो. लेपात दोन्ही प्रकारचे बंध मिसळलेले असतात आणि बहुधा हायड्रोजनही असतो. नेहमीच्या दाबाला ग्रॅफाइट हीच कार्बनची अधिक स्थिर रचना होय. थंड असताना लेपातील अणू जागचे हलत नाहीत. परंतु तापमान सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसवर गेले, की हायड्रोजन निसटू लागतो, चौपदरी बंध मोडून ग्रॅफाइटसारखे बंध वाढतात आणि लेप मऊ पडतो. हवेतला ऑक्सिजनही कार्बन जाळू लागतो. लेप गेला की कटर बदलावा लागतो व तोवर यंत्र थांबते.

यावर एक उपाय म्हणजे लेपात थोडे सिलिकॉन मिसळणे. निर्वात पेटीत ॲसिटिलीनसारख्या वायूचा प्लाझ्मा करून लेप चढवतात. त्याच वेळी सिलिकॉनयुक्त वायूही सोडतात. सिलिकॉन हा कार्बनच्याच गटातला. मात्र कार्बनप्रमाणे तिघांशी बंध जोडून ग्रॅफाइटसारखी रचना तो सहजी करत नाही. चार बंधच धरून ठेवतो. त्यामुळे त्याच्या आसपासची चौपदरी रचना अधिक काळ टिकते. शिवाय पृष्ठभागावर सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर तयार होऊन ऑक्सिजनला अडवतो.

मग भरपूर सिलिकॉन का घालू नये? कारण प्रमाण वाढले की लेपाचा कठीणपणा कमी होऊ शकतो. म्हणून प्रमाण बेताने ठरवावे लागते. तरीही पोलाद वेगाने कापायला हा लेप योग्य नाही. तेथे धारेचे तापमान ६०० अंशांच्याही वर जाते, आणि तापलेले लोखंड कार्बन शोषून घेते. अशा कामाला टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे लेप वापरतात.

आता तुम्हीच विचार करा : पोलादाला न चालणारा हा लेप ॲल्युमिनियमला का चालतो?