वस्तादाचे विंबल्डन

फडात पठ्ठ्याची कुस्ती लागली की त्याचा वस्ताद कोण, हे आपल्याकडच्या जाणत्या प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. तो कडेला उभा राहून हातवारे करीत असतो, मांडीवर थाप मारीत असतो, प्रसंगी डावाचे नाव घेऊन ओरडतही असतो. ७ जुलै २०१३ रोजी विंबल्डनच्या मुख्य मैदानावर असाच एक वस्ताद आपल्या पठ्ठ्याचा सामना पाहत होता. पण त्याला यातले काहीच करण्याची मुभा नव्हती. मोठ्या स्पर्धांत खेळ चालू असता शिक्षकाने खेळाडूला साधी खूणही करू नये, असा टेनिसचा तेव्हा दंडक होता. भोवती पंधरा हजार माणसे जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि हा गृहस्थ दगडी पुतळ्यासारखा बसून होता. त्याचे नाव इव्हान लेंडल. खाली खेळत होता तो स्कॉटलंडचा अँडी मरे. ज्या मैदानासाठी लेंडलने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली आणि जे त्याला कधीच प्रसन्न झाले नाही, तेच हे मैदान.

लेंडलचा जन्म १९६० सालचा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ऑस्ट्राव्हा या कोळशाच्या खाणींच्या गावातला. बाप टेनिस खेळणारा, आणि आई ओल्गा तर देशातल्या स्त्री-खेळाडूंत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलेली. लहानग्या इव्हानला कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न तिने सरळ सोडवला. सरावाला जाताना त्याला बरोबर न्यायचे आणि दोरीने नेटच्या खांबाशी बांधून ठेवायचे! ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आपल्या आयांना ती ऐकून हसू येईल आणि कदाचित थोडा हेवाही वाटेल. ते काही असो, १९७८ साली या मुलाने पॅरिस आणि विंबल्डन या दोन्ही ठिकाणची कुमारांची अजिंक्यपदे मिळवली. (पुढच्याच वर्षी ही दोन्ही पदे आपल्या रमेश कृष्णनने पटकावली, हे वाचकांतल्या टेनिसप्रेमींना आठवत असेलच.)

कुमारवय संपले आणि खरी परीक्षा सुरू झाली. जगातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या अंतिम सामन्यात लेंडल पहिल्यांदा पोहोचला तो १९८१ साली, पॅरिसमध्ये. बोर्गने त्याला हरवले. १९८२ आणि १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये कॉनर्सने हरवले, १९८३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात विलँडरने. चार अंतिम सामने, चार पराभव. याच्यात दम नाही, ऐन वेळी हा कच खातो, असे लोक उघड बोलू लागले. पाचव्या वेळी, १९८४ साली पॅरिसमध्ये, समोर मॅकेन्रो होता आणि त्याने पहिले दोन सेट सहज घेतले. तेथून लेंडलने पुढचे तिन्ही सेट जिंकून सामना उलटवला. मग मात्र त्याने मागे पाहिले नाही. एकूण आठ मोठी अजिंक्यपदे, चौऱ्याण्णव स्पर्धा, आणि २७० आठवडे जगात पहिला क्रमांक!

हे यश त्याने खाणे-पिणे, झोप, सायकल आणि धावणे यांचे वेळापत्रक एखाद्या तपस्व्याप्रमाणे पाळून मिळवले. आज प्रत्येक खेळाडूबरोबर आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक हिंडतात. तो रिवाज पाडणाऱ्यांत लेंडलचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा आणि मुठीचा घाम टिपायला चिमूट चिमूट काढायचा, ही त्याची जुनी सवय. पण लोकांचे प्रेम त्याला मिळाले नाही. १९८६ साली त्याने न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकली, तेव्हा एका प्रख्यात अमेरिकन क्रीडा-साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापून, हा अजिंक्यवीर कोणालाच नको आहे, अशा अर्थाचा मथळा दिला. जवळची माणसे मात्र सांगतात की हा मनुष्य खाजगीत अत्यंत खट्याळ आहे आणि दुसऱ्याची फिरकी घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

उरले होते एक विंबल्डन. ते गवतावर खेळतात, आणि गवतावर चेंडू बसका उठतो, घसरतो, कधी भलतीकडेच वळतो. लेंडलचा हात लांबून फिरणारा, फटका मारायला त्याला सवड हवी. गवत ती सवड देत नाही. तेथे सर्व्हिस करून नेटकडे धावायचे आणि चेंडू टप्पा पडण्याआधीच परतवायचा, ही विद्या हवी. ती शिकण्यासाठी त्याने ऑस्ट्रेलियाच्या टोनी रोशला गाठले. रोश हा डावखुरा, नेटजवळच्या खेळातला उस्ताद. जॉन न्यूकमच्या जोडीने त्याने विंबल्डनची दुहेरी पाच वेळा जिंकली होती, पण एकेरीत तोही १९६८ साली अंतिम सामन्यात लेव्हरकडून हरलेला. म्हणजे गुरूलाही तेच शल्य! १९८६ साली लेंडल अंतिम सामन्यात बेकरकडून हरला, १९८७ साली पॅट कॅशकडून. दोन्ही वेळा एकही सेट हाती लागला नाही. १९९० साली त्याने पॅरिसच्या स्पर्धेवर पाणी सोडले आणि ते सगळे दिवस गवतावर घाम गाळला. विंबल्डनपूर्वीची लंडनची क्वीन्स स्पर्धा बेकरला हरवून जिंकली, आणि नंतर विंबल्डनच्या उपान्त्य सामन्यात एडबर्गने त्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवले. चौदा वेळा तो तेथे खेळला. १९९४ साली पाठीच्या दुखण्याने त्याने निवृत्ती पत्करली, रॅकेट ठेवून दिली आणि वर्षानुवर्षे गोल्फमध्ये मन रमवले.

२०११ च्या शेवटच्या दिवशी, लेंडल आता अँडी मरेला शिकवणार, अशी बातमी आली आणि टेनिसजगत चकित झाले. मरेही टेनिसच्या घरातलाच; आई ज्युडी स्वतः शिक्षिका, तिनेच त्याला घडवलेला. तीन मोठ्या अंतिम सामन्यांत तो पोहोचला होता आणि तिन्हींत मिळून एक सेटही त्याला मिळाला नव्हता. त्यात ब्रिटिश जनतेच्या अपेक्षांचे ओझे. १९३६ साली फ्रेड पेरीने विंबल्डन जिंकले, त्यानंतर एकाही ब्रिटिश पुरुषाला ते साधले नव्हते. मरेला फटके शिकवणारे पुष्कळ होते. पण चार वेळा तोंडघशी पडून पाचव्यांदा उठलेला मनुष्य त्याला दुसरा कोठे मिळणार होता? माझ्या मते लेंडलची खरी विद्या ही होती. बाकी फोरहँड अधिक जोराने मार, दुसरी सर्व्हिस मऊ टाकू नकोस, रडगाणे गाऊ नकोस, हे कोणीही सांगितले असते. मात्र लेंडलने सांगितलेले मरेने ऐकले.

२०१२ च्या विंबल्डनमध्ये मरे चौथा अंतिम सामना खेळला. पहिला सेट घेतला आणि मग फेडररकडून हरला. बक्षीस समारंभात त्याला रडू आवरेना. गुरूप्रमाणेच चार सामने, चार पराभव! त्या दिवशी लेंडलने आपल्याला सांगितले की यापेक्षा जास्त दडपण तुझ्यावर पुन्हा कधी येणार नाही, असे मरेने पुढे बोलून दाखवले आहे. चारच आठवड्यांनी त्याच मैदानावर ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला आणि मरेने त्याच फेडररला तीन सेटमध्ये धूळ चारली. सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये जोकोविचशी तो जवळजवळ पाच तास झुंजला आणि पाचव्या सेटमध्ये जिंकला. पाचवा अंतिम सामना, पहिले अजिंक्यपद. येथेही शिष्य गुरूच्याच पायरीवर पाय ठेवून वर चढला.

आणि मग तो ७ जुलैचा दिवस. पुन्हा समोर जोकोविच. पहिले दोन सेट मरेचे, तिसऱ्यात पाच-चार आघाडी, सर्व्हिस त्याची आणि गुण चाळीस-शून्य. एक गुण हवा होता. तो तीनदा हुकला. जोकोविचने उलट तो गेम हिरावून घेण्याची संधी एकदा नव्हे, तीनदा निर्माण केली. ती काही मिनिटे अवघ्या इंग्लंडचा श्वास अडकला होता. चौथ्या खेपेला जोकोविचचा चेंडू नेटमध्ये अडकला. मरे प्रेक्षकांतून वाट काढीत, वर चढून आपल्या माणसांना मिठी मारायला गेला. नंतर मैदानावर बोलताना तो म्हणाला की हे लेंडलसाठीही आहे. खेळत असताना त्याने हे जिंकण्यासाठी सर्व काही केले होते.

मार्च २०१४ मध्ये दोघांनी फारकत घेतली. मरेने मग आमेली मोरेस्मो या माजी विजेत्या खेळाडूस शिक्षिका नेमले. पुरुषाने स्त्रीकडून टेनिस शिकावे, यावर कित्येकांनी नाके मुरडली, त्यांना मरेने चांगले फटकारले. २०१६ च्या उन्हाळ्यात लेंडल परत आला आणि मरेने दुसऱ्यांदा विंबल्डन जिंकले. त्या वेळी हरलेल्या राओनिकच्या शिक्षकांत कोण असावा? जॉन मॅकेन्रो! त्याच वर्षी मरे जगात पहिला झाला.

पुढे लेंडलने जर्मनीच्या झ्वेरेव्हला वर्षभर शिकवले. २०२२ साली मरेने त्याला तिसऱ्यांदा बोलावले, तेव्हा मरेच्या खुब्यात धातूचा सांधा बसवलेला होता. त्या उन्हाळ्यात स्टुटगार्टच्या गवतावर तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि बेरेत्तिनीकडून हरला. पुढच्या वर्षी गुरुशिष्य वेगळे झाले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर मरेनेही रॅकेट खाली ठेवली.